चाकाच्या बाजूला

विमा कंपनीतर्फे मद्रासहून आलेल्या सर्व्हेअरना कानडी येत नव्हतं, मराठी तर नाहीच. म्हणून माझ्या वडिलांच्या अपघाताच्या चौकशीतले जबाब मला इंग्रजीत सांगावे लागले. मयताच्या मुलीनंच दुभाषी व्हायचं हे रीतीला धरून नव्हतं, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण कंपनीतला इंग्रजी जाणणारा कारकून तापानं पडला होता, मॅनेजर दुभाषी झाले असते तर ते आणखी गैर दिसलं असतं, आणि सर्व्हेअरना त्याच दिवशीच्या मेलनं परत जायचं होतं.

"तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता असं कळलं," ते म्हणाले. त्यांचं नाव कृष्णमूर्ती. "जड जाणार असेल तर मी तारीख पुढं टाकतो."

"नको," मी म्हटलं.

माझे वडील रघुपती कलासिपाळ्यातल्या एका खाजगी मोटर कंपनीच्या वर्कशॉपात फोरमन होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही. एकसष्ट सालच्या आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी दुपारी कंपनीची पार्सलची व्हॅन यशवंतपूरच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे बंद पडली. मागचा शाफ्ट मोडला होता. अण्णा तिथं गेले. कंपनीचीच एक बस त्या वाटेनं परत येत होती, तिच्या मागं व्हॅन दोरानं बांधली आणि पायी चालणाऱ्याच्या वेगानं ओढत आणायला सुरुवात केली. मल्लेश्वरमच्या उतारावर मागचं डावं चाक निखळून बाहेर आलं आणि गाडी त्या अंगावर बसली. अण्णा त्याच अंगाला चालत होते.

आता प्रश्न एवढाच उरला होता की त्या गाडीचा शाफ्ट कोणत्या जातीचा आहे हे अण्णांना माहीत होतं की नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजर बिंदुमाधव काटनपेटेत आमच्या घरी आले होते. माणूस वाईट नव्हे. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी काठावर बसले आणि आईशी कानडीत बोलले. "तुंगाबाई, सर्व्हेअर विचारतील. एवढंच सांगा, की गाडी नवी होती, तिची तऱ्हा वेगळी होती, रघुपतींना ठाऊक नव्हतं. मग कुणाकडं बोट जात नाही. कंपनीकडं नाही, मालोजीकडं नाही, त्यांच्याकडंही नाही. विषय मिटतो."

मालोजी माझे मामा, आईचे धाकटे भाऊ. व्हॅन तेच चालवत होते. अण्णांनीच त्यांना कंपनीत लावलं होतं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि जमिनीकडं बघत होते.

आईनं मान हलवली. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली.

मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं, "आई, हे खोटं आहे."

"असू दे."

"अण्णांना ठाऊक नव्हतं? अण्णांना? त्या गाडीचं नटबोल्ट न् नटबोल्ट त्यांना ठाऊक होतं."

"मग? ठाऊक होतं म्हणून ते परत येणार आहेत काय?" आई उठून आत गेली. आतून म्हणाली, "शिकलेल्या माणसांना सगळं खरं खरं लागतं. आम्हाला दिवस काढायचे असतात."

मामा हलक्या आवाजात म्हणाले, "वसू, अक्काला नको छळू."

मला ते पटलं नव्हतं. अण्णांनी आयुष्यात घर बांधलं नाही, शेत घेतलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मिळवली होती: ह्या माणसाला आपलं काम कळतं हा लोकांचा भरवसा. तो आता कागदावरून, त्यांच्या मागं, काढून घेतला जाणार होता, आणि काढून घेणारे सगळे त्यांच्यावर माया करणारे होते. घरात त्यांचं फार काही उरलं नव्हतं. ते कामावरून आले की आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धूत. न्हाणीच्या कोनाड्यात ती रॉकेलची बाटली अजून तशीच होती. आई ती हलवत नव्हती, मीही हलवत नव्हते.

अण्णांना ठाऊक होतं, हे मला ठाऊक असण्याचं कारण साधं होतं. त्यांनी ते मला शिकवलं होतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती व्हॅन नवी आली. जेवताना अण्णा मामांना म्हणाले, "मालोजी, ध्यानात ठेव. ही बस नव्हे. बसला फुल-फ्लोटिंग असतो, हिला सेमी-फ्लोटिंग आहे."

शब्दांचा मला नाद आहे. मी विचारलं, "अण्णा, यात तरंगतं काय? पाणी नाही, तेल नाही."

"तुमच्या पुस्तकात नाही का ते?"

"नाही."

"मग पुस्तकं कशाला वाचता?" ते हसले आणि आईला म्हणाले, "फुंकणी दे ती. आणि तुझी पाटली काढ."

"जेवताना?" आई म्हणाली. पण काढली.

त्यांनी चुलीची लोखंडी फुंकणी आडवी धरली, तिच्यातून उलथन्याचा दांडा घातला आणि आईची पाटली फुंकणीच्या टोकावर चढवली. "ही नळी म्हणजे हाउसिंग. हा दांडा म्हणजे शाफ्ट. पाटली म्हणजे चाक. फुल-फ्लोटिंगमध्ये चाक बसतं नळीवर. गाडीचं सगळं ओझं नळी वाहते. दांड्यानं फक्त चाक फिरवायचं. त्याच्या अंगावर भार असा नाहीच, म्हणून तो तरंगता. आता दांडा मोडला समज." त्यांनी उलथनं मागं ओढून काढलं. पाटली फुंकणीवर तशीच राहिली. "चाकाला पत्ताच नाही. मोडका दांडा काढून टाकायचा, भोक फडक्यानं बंद करायचं आणि खुशाल ओढत आणायची बस. कितीही लांबून."

मग त्यांनी पाटली परत दिली, टोपलीतला एक बटाटा घेतला आणि दांड्याच्या टोकाला खोचला.

"माझा बटाटा!" आई म्हणाली.

"उद्या भाजी कर त्याची. हे बघ वसू, हा सेमी. इथं चाक नळीवर नाही, दांड्यावरच आहे. दांड्यानंच फिरवायचं आणि बाहेरच्या टोकाला भारही दांड्यानंच पेलायचा. म्हणून अर्धाच तरंगता. हा मोडला तर..." त्यांनी दांडा झटकला. बटाटा मामांच्या ताटात पडला.

"भावोजी, आमटी उडाली!"

"उडू दे. आज आमटी उडाली, उद्या चाक उडेल. म्हणून सांगतोय. ह्या गाडीचा शाफ्ट गेला तर तिला तिच्या चाकांवर हलवायची नाही. मागची बाजू क्रेननं उचलायची आणि मगच आणायची. कळलं?"

"कळलं," मामा म्हणाले, सदऱ्यावरची आमटी पुसत. तेव्हापासून वर्कशॉपात त्या व्हॅनला 'हाफ' म्हणू लागले. "हाफ आली का?" "हाफ गेली चिकपेटला." अण्णांनीच ते नाव पाडलं, कुणी विसरू नये म्हणून.

आता त्या पूजेविषयी सांगायला हवं. आमच्या वर्कशॉपाची एक चाल होती. आयुधपूजेला बसची पूजा सकाळीच आटपायची. चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा, आणि बस हार घालून आपल्या रस्त्याला लागायच्या, कारण लोकांची ये-जा कशी थांबणार. पण पाने, हातोडे, लेथ आणि मोडक्या गाड्या उचलून आणणारी क्रेनची लॉरी ह्यांना दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांना तेवढी विश्रांती. क्रेनच्या पुढ्यात समई लावायची ती फोरमनच्या बायकोनं. आई दरवर्षी काठापदराचं लुगडं नेसून जाई आणि समईपाशी बसून राही. देवीचा उजेड तिथून हलू नये असं तिला वाटे. अण्णांनाही ही चाल प्रिय होती. पाना पूजेला मांडल्यावर एकानं हळूच उचलला, तर त्याला ते दिवसभर ऐकवत, "काय रे, तुला एक दिवस धीर नाही, त्या पान्याला तुझ्यासोबत वर्षभर धीर आहे!"

कृष्णमूर्तींनी आधी मामांना विचारलं. वर्कशॉपच्या माडीवरची खोली, एक टेबल, चार खुर्च्या; आई माझ्या शेजारी. मॅनेजर मुद्दाम खाली थांबले होते. मी प्रश्न मराठीत विचारत होते आणि उत्तर इंग्रजीत सांगत होते. ह्या कामात एक सोय असते: दुसऱ्याची वाक्यं तोंडात असली की स्वतःचा आवाज लपतो.

मामा म्हणाले, "शाफ्ट मोडला. मी दुकानातून फोन केला. अण्णा रिकाम्या हातानं आले."

"क्रेन का आणली नाही?"

मामा थांबले. "चालू झाली नाही."

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी ते तसंच सांगितलं.

"मग दोर बांधायचं कुणी ठरवलं?"

"अण्णांनी. फाटकावरचा पोलीस ओरडत होता, दोन्हीकडं गाड्या तुंबल्या होत्या. मी व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसलो."

"आणि ते?"

"ते चाकाच्या बाजूला. चालत. मी म्हटलं, मी चालतो, तुम्ही आत बसा. तर म्हणाले, गप बस आत."

कृष्णमूर्तींनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. त्यांना आम्हाला दुखवायचं नव्हतं. "हे पुरेसं आहे," ते मला म्हणाले. "ज्याला त्या शाफ्टची जात माहीत असेल तो माणूस त्या चाकाशेजारी चालणारच नाही. त्यांनी तिला बससारखंच समजलं. आयुष्यभर बसवर काम केलेल्या माणसाकडून असं होऊ शकतं. ह्यात कुणाचा दोष नाही. फक्त तुमच्या आईंना एकदा विचारा. ह्या दोन प्रकारांतला फरक ते कधी घरी बोलले होते काय?"

मी आईला विचारलं.

"नाही," आई म्हणाली. तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता. "त्यांना ठाऊक नव्हतं."

हे वाक्य इंग्रजीत करायला अगदी सोपं होतं. मी ते केलं नाही.

"त्यांना ठाऊक होतं," मी कृष्णमूर्तींना म्हणाले. "हे मी सांगते आहे, माझी आई नाही."

ते खुर्ची माझ्याकडं वळवून बसले.

"तुम्ही म्हणता, माहीत असलेला माणूस चाकाशेजारी चालणार नाही. मला उलट दिसतं. बस ओढून आणायची असती तर चाकाकडं कोण बघतं? सगळे आत बसले असते आणि गप्पा मारत आले असते. चाकाशेजारी चालायचं कारण एकच. ते बाहेर सरकतंय का हे बघत राहायचं आणि सरकू लागलं की ओरडून गाडी थांबवायची. ज्याला माहीत नाही त्याला हे सुचणारच नाही. आणि मामांना त्यांनी तिथं चालू दिलं नाही. गप बस आत, म्हणाले. का म्हणाले असतील?"

कृष्णमूर्तींनी खिडकीकडं पाहिलं. खाली अंगणात कुणीतरी लोखंडावर घण घालत होतं.

"हे बरोबर असू शकेल," ते म्हणाले. "पण मग तुम्हाला पुढचंही दिसत असेल. त्यांना माहीत नव्हतं, तर तो अपघात. माहीत होतं आणि तरी त्यांनी गाडी हलवली, तर मला त्यांचाच बेजबाबदारपणा म्हणून लिहावं लागेल. तुम्हाला ते हवं आहे?"

"मला ते अडाणी नव्हते एवढं हवं आहे."

"दोन्ही मिळणार नाही."

"माहीत आहे."

"तुमच्या आई नेमकं काय म्हणाल्या?"

ह्याला उत्तर देणं भाग होतं. "त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणाल्या."

"पुन्हा विचारा. तुमचं मत न घालता."

मी आईकडं वळले. "आई, ते म्हणतात पुन्हा सांग. अण्णांना ठाऊक होतं की नव्हतं?"

"वसू, सोड गं," मामा म्हणाले. "काय मिळवायचंय तुला?"

"मी आईला विचारतेय."

"मी एकदा सांगितलंय," आई म्हणाली.

"त्यांनी तुझ्या पाटलीनं दाखवलं होतं. तू तिथं बसली होतीस. त्यांना काही कळत नव्हतं असं ह्या माणसानं लिहायचं, खाली वर्कशॉपातल्या सगळ्यांनी ऐकायचं, आणि आपण मान हलवायची? तू हलवशील? माझ्या तोंडाकडं बघून सांग."

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती कृष्णमूर्तींकडं बघून बोलू लागली, मराठीतच, जणू त्यांना सगळं कळत होतं.

"होतं. ठाऊक होतं त्यांना. बटाटा खोचून दाखवला होता मला, क्रेनशिवाय हलवायची नाही म्हणून. हा मालू क्रेन न्यायलाच आला होता. फाटकावरून त्यांनीच त्याला परत पाठवला होता. मी नेऊ दिली नाही. मी म्हटलं, समई तेवतेय, हार घातलाय, कुंकू लागलंय, उद्यापर्यंत हलायची नाही. घरातल्या माणसाचं वाईट होतं अशानं. हा म्हणाला, अक्का, 'हाफ' आहे ती. मी म्हटलं, फाटकापासून इथंवर काय होतंय, दोर घेऊन जा. मला ठाऊक होतं तरी म्हटलं. क्रेन चालू होत होती. मी अडवली."

"अक्का!" मामांनी तिचा हात धरला.

"तू गप. तू माझ्यासाठी खोटं बोललास, मला कळत नाही काय? ती क्रेन कधी चालू झाली नाही असं झालंय?"

आई रडत नव्हती. तिचा चेहरा धुतल्यासारखा कोरा दिसत होता. मला वाटलं होतं की ती भावाला वाचवते आहे. तिच्या पाठीमागं तिचा भाऊ तिला वाचवत होता, आणि मी त्या दोघांच्या मधे माझ्या इंग्रजीसकट घुसले होते.

"काय म्हणाल्या?" कृष्णमूर्तींनी विचारलं.

"म्हणाल्या, त्यांना ठाऊक होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

ते क्षणभर माझ्याकडं आणि मग आईकडं बघत राहिले. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर उठून आईला नमस्कार केला. मला म्हणाले, "तुम्ही धीराच्या आहात." मला ते ऐकवलं नाही.

बाहेर वर्कशॉपच्या दाराशी मामा आमच्यासाठी जटका ठरवायला आले. घोडेवाल्याशी बोलून झाल्यावर ते परत आईपाशी आले आणि उभे राहिले.

"अक्का, तुला एक सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "मी दोर घेऊन गेलो तेव्हा भावोजींनी विचारलं, क्रेन कुठं? मी म्हटलं, अक्का हलवू देईना. मला वाटलं मला शिव्या देतील, परत पाठवतील. ते हसले. म्हणाले, तिनं अडवलीय होय, मग राहू दे. सावकाश नेऊ."

"एवढंच म्हणाले?"

"मी म्हटलं, परत जाऊन आणू का? तर म्हणाले, चारचौघांत तिला खोटं पाडायचं काय सणाच्या दिवशी? बस आत."

जटक्यात चढताना आईनं मामांच्या डोक्यावरून हात फिरवला, ते लहान असताना फिरवत असेल तसा.

जटका काटनपेटेच्या दिशेनं निघाला. ऊन उतरलं होतं. आई माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याकडं निरखून बघत होती.

"मी केवढं बोलले," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू केवढंसं सांगितलंस."

मी जटक्याचा कठडा धरला.

"इंग्रजी शब्द मला कळत नसतील. पण लांबी कळते. मी बोलले ती लांबी कुठं गेली?"

"आई, ते सांगून काय झालं असतं? त्यांनी ते लिहिलं असतं. कंपनीत सगळ्यांना कळलं असतं. लोक तुला काय..."

"मग आता काय लिहिलंय?"

"अण्णांना ठाऊक होतं असं."

"आणि ठाऊक असून हलवली."

"हो."

"म्हणजे चूक त्यांची."

"हो."

"मॅनेजरच्या म्हणण्यानं ते अडाणी ठरत होते. तुझ्या सांगण्यानं ते गुन्हेगार झाले." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मी? मी कुठं आहे त्यात?"

"तू नाहीस. मी तुला ठेवली नाही त्यात."

"का?"

"मला अण्णा गेले तेवढं पुरे होतं. तुला तिथं त्या माणसासमोर..."

आईनं मान फिरवली आणि रस्त्याकडं बघितलं. दुकानांच्या फळ्या, फुलांच्या टोपल्या, सायकली. मग ती म्हणाली, "आयुधपूजेपासून मी ह्याबद्दल एक शब्द कुणाशी बोलले नव्हते. मालूशीसुद्धा नाही. त्या खोलीत पहिल्यांदा बोलले. छातीवरून काहीतरी उतरलं माझ्या. मला वाटलं, चला, आता दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक झालं. आणि ते तूच अडवून ठेवलंस. मी क्रेन अडवली तशी."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो दिला नाही, पण ओढूनही घेतला नाही.

"ते गेले का मद्रासला?"

"अजून नसतील. मेल सुटायला वेळ आहे."

तिनं पुढं वाकून घोडेवाल्याच्या पाठीला हात लावला. "अप्पा, सिटी स्टेशन. स्वल्प बेग." जरा लवकर, म्हणाली.

घोडेवाला वळून बघू लागला. "अम्मा, काटनपेट म्हणाला होतात. घोडा घराच्या वाटेला लागलाय, आता तो वळायचा नाही."

"वळेल. तू वळव."

तो कुरकुरत उतरला आणि घोड्याचा लगाम धरून त्याला समजावू लागला. घोडा खरंच वळेना. रस्त्यात आडवा जटका उभा, मागून एक सायकलवाला घंटी वाजवतोय, आणि आई मात्र जागची न हलता बसून होती, पूजेला बसावी तशी ताठ.

"आई, नीट विचार कर," मी म्हटलं. "ते एका शब्दात लिहून टाकतील. अंधश्रद्धा. दुसरा शब्द त्यांना नको असतो. अण्णांनी मुकाट्यानं ऐकलं हेही लिहितील. बायकोच्या शब्दाखातर जीव घालवला असं."

"लिहू दे. तसेच होते ते."

"आणि तू?"

"मी होते तशी लिहू दे."

शेवटी घोडा वळला. जटका डुगडुगत सिटी स्टेशनच्या रस्त्याला लागला. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवू लागले. पहिलं जमलं, दुसरं जमलं, आणि समईशी येऊन अडले. त्यासाठी जो शब्द येत होता तो नुसता दिवा होता, टेबलावर ठेवायचा. तसं मी आईला सांगितलं.

"त्या माणसाच्या कपाळावर विभूती होती," आई म्हणाली. "पाहिली नाहीस? समई म्हणजे काय ते त्याला सांगावं लागणार नाही. तू फक्त क्रेनचं नीट सांग."